झाड कापणाऱ्याला काय काय कळावं लागतं

चाळीस सेंटिमीटर जाडीची आणि तीन मीटर लांबीची ओली फांदी किती वजनाची असते? घनफळ काढलं तर सुमारे ०.३८ घनमीटर येतं. ओल्या लाकडाचं वजन जातीनुसार कमीजास्त होतं, पण घनमीटरला ८०० ते १००० किलो धरायला हरकत नाही. म्हणजे ही एक फांदी तीनशे ते पावणेचारशे किलोची झाली, जवळपास दोन बुलेट मोटरसायकलींएवढी. बारीक डहाळ्या आणि पाल्याचा पसारा वेगळाच. पावसाळ्याआधी सोसायटीच्या आवारात जो माणूस कंबरेला कोयता खोचून रेन ट्रीवर चढतो, तो हे वजन खाली उतरवत असतो. खाली लावलेल्या गाड्या, कंपाउंडची भिंत आणि पलीकडून गेलेली विजेची तार सांभाळत, आणि बहुतेक वेळा कुणी काही न शिकवता.

आपल्याकडे या कामाला अंगमेहनतीचं काम समजतात. जो चढू शकतो त्याला ते येतं, असा एक समज आहे. मला हा समज धोक्याचा वाटतो. तो माणसाला धोक्याचा आहे आणि झाडालाही. कुठल्या लाकडात कुठे ताण आहे, वजन सुटल्यावर ते कुठे जाईल, काप घेतल्यावर झाड ती जखम कशी झाकेल, हे ज्याला दिसतं तोच खरा कारागीर. हे सगळं शिकता येतं, शिकवता येतं. त्यातलं जेवढं घरमालकाला, सोसायटीच्या सेक्रेटरीला किंवा बागाईतदाराला माहीत असायला हवं, तेवढं इथे मांडतो.

फांदीच्या आत काय चाललेलं असतं

आडव्या फांदीकडे नीट बघा. स्वतःच्या वजनाने ती खाली झुकायला बघते. त्यामुळे तिच्या वरच्या बाजूचे धागे ताणलेले असतात आणि खालच्या बाजूचे दाबलेले. सगळ्या कापाकापीचं गणित या एका गोष्टीवर उभं आहे. वरून करवत लावली तर काप आपोआप उघडत जातो, काम भराभर होतं, आणि अर्ध्यावर आल्यावर फांदी काडकन मोडते. मोडताना ती खालच्या बाजूची साल आणि लाकडाची लांब चिरफळी ओढत खोडावरून खाली नेते. रस्त्याकडेच्या झाडांवर हातभर लांब, सोललेल्या जखमा दिसतात, त्यातल्या बऱ्याच अशाच झालेल्या असतात. उलट, खालून करवत लावून तशीच वर नेली तर दाबाखालचं लाकूड मिटतं आणि करवतीचं पातं अडकून बसतं.

म्हणून जाड फांदी तीन कापांत उतरवतात. खोडापासून साधारण फूटभर पुढे, खालच्या बाजूने, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल पहिला काप. त्याच्या थोडं पुढे वरून दुसरा काप. आता फांदी मोडली तरी चिरफळी पहिल्या कापापाशी येऊन थांबते, खोडापर्यंत पोचत नाही. उरलेल्या फूटभर खुंटाला वजन नसतं, तो हातात धरून निवांत, जागा बघून तिसऱ्या कापाने काढता येतो. या पद्धतीला पाच मिनिटं जास्त लागतात. ती न देणाऱ्या ठेकेदाराला पैसे देण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा काप नेमका कुठे घ्यायचा, हा या कामातला सगळ्यात नाजूक प्रश्न. आंब्याची, जांभळाची किंवा रेन ट्रीची एखादी मनगटाएवढी फांदी खोडाला जिथे मिळते तिथे बोट फिरवून बघा. वरच्या बेचक्यात सालीची खडबडीत, थोडी काळसर वळी लागते. फांदीच्या बुडाशी, खासकरून खालच्या बाजूला, एक फुगवटा लागतो. हा फुगवटा फांदीचा नसतो, खोडाचा असतो. खोडाचे धागे फांदीच्या बुडाला वेढा घालून पुढे जातात, त्यातून तो तयार होतो. जखम बंद करायची सगळी तयारी झाडाने याच जागी करून ठेवलेली असते. काप या फुगवट्याच्या लगेच बाहेर पडला पाहिजे. फुगवट्यासकट खोडाला सपाट घासून कापलं तर जखम उगाच मोठी होते आणि झाडाची संरक्षणाची भिंतच जाते. फुगवट्यापासून वीतभर लांब खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो, आणि ती कूज आत शिरायला वाट होते.

आपल्याला झाडाची जखम ‘भरते’ असं म्हणायची सवय आहे. माणसाची कातडी भरते तसं झाडात काही होत नाही. कापलेलं लाकूड पुन्हा कधीच नवं होत नाही. झाड त्या भागाला आतून कोंडून टाकतं आणि बाहेरून नव्या लाकडाची कड वाढवत वाढवत त्याला झाकून घेतं. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हे सप्रमाण दाखवलं. जुन्या जखमा असलेली झाडं त्यांनी उभी चिरून आतून तपासली. त्यातून १९७० च्या दशकात त्यांनी मांडलेली कल्पना अशी की झाड कुजीभोवती चार प्रकारच्या भिंती उभ्या करतं: खोडातून वर-खाली जाणारी वाट बंद करणारी, आतल्या गाभ्याकडे जाणारी वाट अडवणारी, गोलाकार पसरणं रोखणारी, आणि चौथी सगळ्यात भक्कम, जी जखम झाल्यानंतर वाढलेल्या नव्या लाकडाला जुन्यापासून तोडते. म्हणूनच कधी कधी पोकळ खोडाचं चिंचेचं झाड वर्षानुवर्षं हिरवंगार उभं असतं. आतलं कुजलं, पण चौथ्या भिंतीबाहेरचं सगळं शाबूत आहे.

यातून आणखी एक गोष्ट निघते. मोठ्या जखमेवर डांबर किंवा ऑइल पेंट फासल्याने आतली कूज थांबत नाही. फळबागेत छाटणीनंतर बोर्डो पेस्ट लावतात, त्याचा उद्देश वेगळा आहे. ताज्या कापातून शिरू पाहणाऱ्या बुरशीला तेवढ्यापुरता अटकाव व्हावा म्हणून ती असते. पण रस्त्यावरच्या गुलमोहराच्या ताटाएवढ्या जखमेला काळा रंग फासून ‘उपचार केले’ असं कुणी सांगत असेल तर त्याने फक्त जखम नजरेआड केली आहे.

शेंडा उडवून झाड बोडकं करणं हा तर सरसकट चाललेला प्रकार. सोसायट्यांना वाटतं, झाड बुटकं झालं म्हणजे धोका गेला. होतं उलट. पानं गेल्याने झाडाचा अन्नपुरवठा एकदम तुटतो आणि ते घाईघाईने कापलेल्या टोकांपाशी फुटवे काढतं. हे फुटवे खोडाच्या आतून आलेले नसतात, वरच्या थराला चिकटलेले असतात. खालचं टोक कुजत असतं आणि वर हे फुटवे काही वर्षांत दंडाएवढे जाड होतात. मग एखाद्या वळवाच्या पावसात तेच आधी खाली येतात. झाडाचं वजन कमीच करायचं असेल तर बाहेरच्या लांब फांद्या एखाद्या जोमदार उपफांदीपर्यंत मागे घ्याव्यात. असं केलं की झाड बघून छाटणी झाल्याचं पटकन कळतही नाही.

झाड हवं तिकडेच कसं पडतं

आख्खं झाड पाडणं हे फांदीपेक्षा वेगळं शास्त्र आहे, पण पाया तोच. तीन गोष्टी लागतात: खाच, बिजागरी आणि मागचा काप.

ज्या बाजूला झाड पाडायचं त्या बाजूला आधी खाच घेतात, खोडाच्या व्यासाच्या एक पंचमांश ते एक चतुर्थांश खोल. मग विरुद्ध बाजूने मागचा काप आत आणतात, पण खाचेला भिडवत नाहीत. मधे व्यासाच्या साधारण एक दशांश जाडीची लाकडाची पट्टी शिल्लक ठेवतात. हीच बिजागरी. झाड कलंडू लागलं की ही पट्टी वाकते, झाडाला दिशा देते, आणि खाच मिटली की तुटते. बिजागरी एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ राहिली तर झाड जाड बाजूकडे ओढलं जातं. पूर्ण कापली गेली तर झाडावर कुणाचाच ताबा उरत नाही.

पाडलेल्या झाडाचा बुंधा हा त्या कामाचा पंचनामा असतो. बुंध्यावर मधोमध उपटलेल्या धाग्यांची एकसारख्या रुंदीची सरळ पट्टी दिसली तर काम करणारा जाणकार होता. पट्टी तिरकी, एका टोकाला बोटभर आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही अशी असेल, किंवा खाचच नसेल, तर त्या दिवशी कुणी जखमी झालं नाही ही नशिबाची गोष्ट. वनमजुरांचं काम तपासायचं असेल तर मी आधी बुंधे बघत हिंडेन, नोंदवही नंतर.

एका बाजूला बऱ्यापैकी झुकलेलं झाड सगळ्यात फसवं. मागचा काप अर्ध्यावर आला की ताणलेले धागे तोल सांभाळू शकत नाहीत आणि खोड उभंच्या उभं फाटतं. फाटलेला मागचा भाग कापणाऱ्याच्या छातीच्या किंवा चेहऱ्याच्या पातळीवर झपकन वर येतो. जगभरातले लाकूडतोडे या एका गोष्टीला घाबरतात. त्यावर उपाय असा: मागून कापत यायचं नाही. बिजागरी ठरवून तिच्या मागे पातं खोडात आरपार घुसवायचं, तिथून मागे कापत जायचं आणि मागच्या कडेला लाकडाचा एक पट्टा शिल्लक ठेवायचा. सगळी तयारी झाली, माणसं लांब गेली, की तो पट्टा शेवटी तोडायचा. यात झाड कधी पडायचं हे माणूस ठरवतो.

उभ्या झाडाच्या मागच्या कापात पाचर ठोकतात, म्हणजे झाड मागे बसून करवत अडकत नाही. पाचर प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची असावी. यांत्रिक करवतीच्या साखळीला लागलीच तर तिचे दात जात नाहीत. कापायला सुरुवात करण्याआधी पळायची वाट साफ करायची, झाड पडेल त्याच्या मागच्या बाजूला तिरकी, ४५ अंशांत. सरळ मागे पळायचं नाही, कारण बुंधा उसळून मागे येऊ शकतो. आणि झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कुणी नको. शहरात हे अंतर मिळतच नाही, म्हणून तिथे झाड वरून तुकड्या-तुकड्यांनी उतरवावं लागतं.

माड आणि पोफळीला मात्र हे सगळं जसंच्या तसं लावू नये. ती गवताच्या जवळची झाडं. त्यांना वर्षावलयं नसतात आणि जखम झाकणारा थरही नसतो. पायऱ्या म्हणून माडाच्या खोडाला पाडलेल्या खाचा आयुष्यभर तशाच राहतात त्या यामुळे. खोडाचा बाहेरचा भाग कठीण आणि आतला मऊ, काथ्यासारखा असल्याने बिजागरी भरवशाने वाकत नाही. कोकणात आणि गोव्यात जुने पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारे, माड तोडताना आधी झावळ्या आणि नारळ उतरवतात, मग वरून तुकडे करत येतात. त्यामागे हेच कारण आहे.

यंत्र आणि दोर

बाजारात ज्याला सगळे ‘कटर’ म्हणतात तो चेनसॉ. त्याची साखळी पूर्ण वेगात सेकंदाला वीस मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त धावते, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरच्या वर. त्यामुळे काही चुकल्याचं लक्षात येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. सगळ्यात वाईट अपघात बारच्या, म्हणजे साखळी ज्या लांब पात्याभोवती फिरते त्याच्या, टोकाने होतो. टोकाचा वरचा चतुर्थांश भाग चालू असताना लाकडाला टेकला तर साखळी चावा घेऊ शकत नाही आणि सगळं यंत्र वर, कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतं. याला किकबॅक म्हणतात. पुढच्या हँडलसमोरचा जो काळा पंजा असतो तो केवळ हाताच्या संरक्षणासाठी नाही, तो चेन ब्रेक आहे. उसळीत मनगट त्यावर आपटलं किंवा झटका जोराचा बसला की साखळी थांबते. हा पंजा अडचण होतो म्हणून काढून टाकलेली यंत्रं मी ठिकठिकाणी बघतो. ज्याच्या यंत्राला तो नसेल त्याला काम देऊ नका, एवढं साधं आहे.

डावा अंगठा पुढच्या हँडलला खालून वेढा घालून असला पाहिजे, दोन्ही हात यंत्रावर, आणि शरीर साखळीच्या रेषेच्या एका बाजूला. झाडावर चढून एका हाताने चेनसॉ चालवणं बघणाऱ्याला मोठं कौशल्य वाटतं. ते कौशल्य नाही. ज्या दिवशी यंत्र उसळेल त्या दिवशी एक हात ते अडवू शकणार नाही.

साखळीची धार चांगली आहे की नाही हे भुश्यावरून कळतं. धारदार साखळी लाकडाचे जाडसर, चौकोनी कपचे उडवते. बारीक पीठ पडायला लागलं, धूर यायला लागला, कापताना यंत्र दाबावं लागलं, की थांबून कानस लावायची. कानस गोल असते आणि तिची जाडी साखळीप्रमाणे ठरलेली असते, छोट्या साखळीला ४ मिलिमीटर, मधल्या आकाराला ४.८. प्रत्येक दाताला सारखेच फटके मारायचे. एका बाजूचे दात लहान आणि दुसऱ्या बाजूचे मोठे राहिले तर काप वाकडा जातो, आणि वाकडा काप म्हणजे वाकडी बिजागरी. पेट्रोलमधे टू-स्ट्रोक ऑइल कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच घालावं. ५० ला १ असेल तर लिटरला २० मिलि. बार आणि साखळीला वंगण देणारी टाकी वेगळी असते. तिच्यात जळकं इंजिन ऑइल ओतायची सवय सर्रास आहे. त्याने पंप खराब होतो आणि ते तेल जमिनीत आणि माणसाच्या अंगावर उडत राहतं.

कपड्यांबद्दल दोन गोष्टी. चेनसॉची खास पँट मिळते, तिच्या आत लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की ते धागे ओढले जाऊन यंत्राच्या चाकात गुंततात आणि साखळी क्षणात थांबते. आपल्या उन्हाळ्यात ती पँट घालून दिवसभर काम करणं कठीण, हे खरंच आहे. पण त्यावर तोड म्हणजे पायाच्या फक्त पुढच्या भागाला लागणारी आवरणं, सकाळी लवकर सुरुवात आणि दुपारी सुट्टी. लुंगी आणि स्लिपर ही तोड नाही. हेल्मेटला जाळी आणि कानावरचे मफ जोडलेले असावेत. चेनसॉचा आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो आणि बहिरेपण हळूहळू येत असल्याने ते कुणी अपघातात धरत नाही. तसंच थरथरीचं. वर्षानुवर्षं यंत्र धरलेल्यांच्या बोटांतलं रक्ताभिसरण बिघडतं, थंडीत बोटं पांढरी पडतात.

दोराचं शास्त्र मला सगळ्यात सुंदर वाटतं. खोडाला दोराचा एक पूर्ण वेढा दिला की घर्षणामुळे पकडायला लागणारा जोर साधारण एक पंचमांश होतो. दोन वेढे दिले की वीस-पंचवीस पट कमी. साल किती खडबडीत, दोर कसला, यावर आकडा बदलतो, पण वेढ्यागणिक गुणाकार होतो हे पक्कं. म्हणून खाली उभा असलेला एकटा माणूस तीनशे किलोची फांदी तान्ह्या बाळासारखी अलगद जमिनीवर ठेवू शकतो. पण दोन सापळे आहेत. दोर ज्या बेचक्यातून किंवा कप्पीवरून वळवला आहे तिथे वजन दुप्पट पडतं: एका बाजूने फांदी ओढते, दुसऱ्या बाजूने खालचा माणूस. ती बेचकी कुजलेली असेल तर तीही खाली येते. दुसरा सापळा झटक्याचा. साडेतीनशे किलोचा ओंडका दीड मीटर मोकळा पडला आणि पुढच्या अर्ध्या मीटरमधे दोराने थांबवला तर दोरावर सरासरी चौपट भार येतो, म्हणजे १४०० किलो. झटक्याच्या क्षणी येणारा सगळ्यात मोठा भार याहूनही जास्त. घरातला जुना नायलॉनचा दोर इथे चालत नाही.

चढणाऱ्याचा स्वतःचा दोर हा वजन उतरवायच्या दोरापेक्षा वेगळाच हवा. करवत चालू करताना त्याला दोन ठिकाणी बांधलेलं असावं, एक वरचा मुख्य दोर आणि एक खोडाभोवतीचा आखूड पट्टा, शक्यतो आत स्टीलची तार असलेला. म्हणजे चुकून एक कापला गेला तरी माणूस लटकून राहतो. बुटांना लावायचे खिळेदार आकडे फक्त पूर्ण काढायच्या झाडावर वापरावेत. जे झाड जगवायचं आहे त्याच्या खोडाला प्रत्येक पावलागणिक भोक पाडत वर जाणं म्हणजे छाटणीचा उद्देशच घालवणं.

वादळानंतरचं झाड

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं आणि रायगडमधल्या नारळ-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर रस्ते आणि अंगणं मोकळी करायला मिळेल तो कोयता-कटर घेऊन लोक उतरले. पडलेलं झाड आता काय करणार, असं वाटतं. प्रत्यक्षात उभ्या झाडापेक्षा ते जास्त फसवं असतं.

मुळासकट उपटून आडवं झालेलं झाड घ्या. मुळांचा मातीसकट गड्डा उभा राहिलेला, त्याला खोडाच्या वजनाने खेचून धरलेलं. खोड बुंध्याजवळ कापलं की ते वजन जातं आणि गड्डा धप्पकन पुन्हा खड्ड्यात बसतो, कधी अर्धा बुंधा उभा करत. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्याच्या मागे माणूस, मूल, कुत्रं काहीही नको. दोन टोकांना टेकलेल्या खोडात दाब वरच्या बाजूला असतो आणि ताण खाली. एका टोकाला टेकलेल्यात उलट. नियम एकच: आधी दाबाच्या बाजूने थोडा काप, मग ताणाच्या बाजूने हळूहळू. वाकून धनुष्य झालेल्या कोवळ्या झाडाला तर ताणाच्या बाजूने कधीच एकदम भिडू नये. सुटलेला फटका जबडा मोडेल एवढा असतो. दुसऱ्या झाडावर अडकून अर्धवट उभ्या राहिलेल्या झाडाखालून चालणं सोडाच, त्याच्या आधाराचं झाड कापायला जाणं म्हणजे दोन्ही झाडं अंगावर घेणं.

तारेला टेकलेल्या झाडाला महावितरणकडून लाइन बंद केल्याचं परमिट मिळेपर्यंत हात लावायचा नाही. गावातून जाणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या तारा उघड्या असतात, त्यावर कसलंही आवरण नसतं. ओल्या फांदीतून, ओल्या दोरातून, अ‍ॅल्युमिनियमच्या शिडीतून वीज खाली येते. ‘लाइट गेलेली आहे’ हे पुरेसं नाही. लाइट कधीही येते.

शिकायचं कुठे

जर्मनीत वनकामगार व्हायला तीन वर्षांची उमेदवारी करावी लागते. ब्रिटनमधे जमिनीवरून चेनसॉ चालवणं, दोराने चढणं आणि दोरावर लटकून चेनसॉ चालवणं यांची वेगवेगळी प्रमाणपत्रं आहेत. अमेरिकेत १९२४ पासून वृक्षकाम करणाऱ्यांची संघटना आहे. तिचं प्रमाणपत्र अनुभव आणि परीक्षेशिवाय मिळत नाही. तरीही अमेरिकेत कामावरच्या मृत्यूंच्या दरात लाकूडतोड्यांचा धंदा सतत अगदी वरच्या जागी असतो. प्रशिक्षण, साधनं, कायदे सगळं असून ही स्थिती, तर ते काहीच नसलेल्याचं काय होत असेल, याचा विचार करावा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९८ मधे वनकामातल्या सुरक्षिततेची आचारसंहिता काढली, ती वाचायला अवघड नाही. तिच्यातला निम्मा भाग जरी मराठीत वनमजुरांपर्यंत गेला तरी फरक पडेल.

आपल्या वनखात्याची परंपरा जुनी आहे. चंद्रपूरला वन प्रबोधिनी आहे, वनरक्षकांना रीतसर प्रशिक्षण मिळतं. जंगलातल्या कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यात, झाड तोडण्याआधी त्यावर छातीच्या उंचीला आणि बुडाशी हातोड्याची खूण उमटवतात. बुडाची खूण बुंध्यावर राहते म्हणून चोरटी तोड पकडता येते. गडचिरोलीत कमलापूरचा हत्ती कॅम्प आहे, तिथले हत्ती आलापल्लीच्या जंगलातलं सागवान ओढायला वापरले जात. पण प्रत्यक्ष करवत धरणारा मजूर, जंगल कामगार सोसायटीचा असो की शहरातल्या ठेकेदाराचा, हे काम शेजारच्याकडे बघून शिकतो. शेजारच्याने चुकीचं शिकलेलं असेल तर तेही पुढे जातं.

हे बदलायला फार खर्च लागत नाही, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. माडावर चढणारी माणसं मिळेनाशी झाली तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ मधे केरळात ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ नावाने सहा दिवसांचं प्रशिक्षण सुरू केलं. चढायचं यंत्र दिलं, विमा दिला. बायकाही शिकल्या आणि माडावर चढू लागल्या. सहा दिवसांत माणूस निष्णात होत नाही, पण आपण करतोय तो एक धंदा आहे, त्याला पद्धत आहे आणि भाव आहे, हे त्याला कळतं. महापालिकांच्या छाटणीच्या निविदेत ‘प्रत्येक चमूत एक प्रशिक्षित माणूस’ अशी अट घातली आणि ती पाळली जाते का हे जागेवर बघितलं तर ठेकेदार आपणहून माणसं शिकायला पाठवतील.

काम देणाऱ्याने काय बघायचं

शहरात झाड तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली परवानगी लागते. या कायद्यात तोडणं म्हणजे फक्त आडवं करणं नव्हे. जाळणं, इजा करणं हेही त्यात येतं. छाटणीसाठीही पालिकेच्या उद्यान विभागाकडे आधी अर्ज करावा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचं संरक्षण मिळालं. शहराबाहेर खासगी जमिनीवरच्या आंबा, फणस, साग, खैर, चिंच, मोह, ऐन, किंजळ अशा ठरावीक जातींना १९६४ चा वेगळा कायदा लागतो.

अर्ज मार्चच्या आत टाका. एप्रिल-मेमधे सगळ्यांची घाई एकदम होते आणि घाईत पद्धत पाळली जात नाही. शिवाय तेव्हा कावळ्यांपासून अनेक पक्ष्यांची घरटी भरलेली असतात. बगळे आणि पाणकावळे तर पावसाळ्यात मोठ्या झाडांवर वसाहत करून पिल्लं वाढवतात. घरटी-अंडी नष्ट करणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. फांदी कापण्याआधी दुर्बिणीने नाही तर निदान नुसत्या डोळ्यांनी वर पाहून घ्या.

झाडाच्या बुडाला सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक भिडलेले असतील तर छाटणीआधी ते काढा. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मधे बुंध्याभोवती एक मीटर मोकळी जागा ठेवायला सांगितलं होतं. गटार किंवा केबलसाठी एका बाजूची मुळं तोडलेलं झाड वरून कितीही हलकं केलं तरी त्या बाजूने पकड गेलेली असते. अशा झाडाची खरी पाहणी जमिनीपासून सुरू होते: बुंध्याजवळ भूछत्रं उगवली आहेत का, एका बाजूची माती वर उचललेली किंवा भेगाळलेली आहे का, झुकाव अलीकडचा आहे का.

कामाच्या दिवशी ठेकेदाराला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. झाडाखाली येणारी वाट कोण अडवणार? वरच्याने हाताची कुठली खूण केली की खालच्याने दोर सोडायचा? मशीनच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नाही, त्यामुळे खुणा आधी ठरलेल्या हव्यात. प्रथमोपचाराची पेटी, त्यात रक्त थांबवायची मोठी पट्टी आणि जवळच्या दवाखान्यापर्यंत जायला एक गाडी उभी आहे का? चढणाऱ्याचा विमा कुणाच्या नावाने काढलाय? शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर काम त्या दिवशी थांबवा आणि विम्याचा कागद आल्यावर सुरू करा. एका माणसाचा वर्षाचा अपघात विमा हा त्या दिवसाच्या छाटणीच्या बिलात सहज बसतो, आणि तो सोसायटीने बिलात धरून द्यावा.